रेघ संपेपर्यंत

माझी मावशी फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देते. दुकान खाली, घर वर. मधे एक अरुंद लाकडी जिना आहे आणि मावशीने त्यावर पाय ठेवणं सोडून दिलं होतं. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, त्या जिन्याच्या वळणावर पिशवी घेऊन बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून मावशीची गादी दुकानामागच्या खोलीत, काचांच्या शेजारी आली. वर मी एकटी राहत होते.

डॉक्टरांनी मावशीची छाती तपासली. सगळं ठीक होतं. "फक्त चालत्या-फिरत्या राहा," ते म्हणाले. मावशीने मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसली. रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली तरी ती भरभर पाऊल उचलायची नाही.

"अशाने गाडीखाली येशील," मी म्हणायचे.

"गाडीला ब्रेक असतो." मग छातीवर बोट ठेवून, "ह्याचं काय?"

मुलांच्या वॉर्डातली सिस्टर आमची जुनी गिऱ्हाईक. वॉर्डाच्या मदतीसाठी दरवर्षी एक धाव असते. कुणी पळतं, कुणी गप्पा मारत चालतं. त्या वर्षी सिस्टरने काउंटरवर धावेत छातीला लावायचे दोन कापडी नंबर ठेवले. "मावशी, एक तुमचा, एक हिचा. नावं घातलीत."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

ती गेल्यावर मावशी म्हणाली, "देऊन ये परत."

"आई जिन्यात गेली, तू खुर्चीत जाशील," मी म्हणाले. "एवढाच फरक."

मावशीने काच टेबलावर आडवी केली, पट्टी दाबून धरली आणि काच कापायची हिरकणी हातात घेतली. ही रेघ एका दमात ओढावी लागते. हात जरा हलला की काच भलतीकडे तडकते. म्हणून मावशी श्वास रोखते आणि रेघ संपल्यावर सोडते. मलाही तिने तसंच शिकवलंय. त्या दिवशी काच भलतीकडे तडकली. तिने तुकडे गोळा केले आणि नंबर उचलून गादीच्या उशाशी ठेवला.

धावेच्या सकाळी तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शिट्टी झाली. शाळेची मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी उधळत गेली. मावशी आधी चालली, मग हळूहळू पळायला लागली, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून. पुलापलीकडे तिची बोटं माझ्या हातात रुतली.

"तिच्यासारखंच होतंय," ती म्हणाली.

तिचे ओठ पांढरे पडले होते. आईचे तसेच होते. हिला मीच इथे आणलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. मी तिला कट्ट्यावर बसवलं आणि धावेसाठी उभ्या केलेल्या रुग्णवाहिकेकडे हात केला. माणसं येईपर्यंत तिचा चेहरा पूर्ववत झाला होता. त्यांनी नाडी बघितली, प्रश्न विचारले. काही नव्हतं. सावकाश जा म्हणाले.

आम्ही पुन्हा निघालो. आता मी रस्ता बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. ओठ मिटलेले, मान किंचित वाकलेली, नजर पांढऱ्या पट्ट्यावर. छाती हलतच नव्हती.

"मावशी, श्वास घे."

"घेतेय की."

"नाही घेत. तू काच कापतेयस."

ती थबकली. आत कोंडलेला श्वास भसकन बाहेर पडला. तिने पुढे बघितलं. पट्टा वळणापर्यंत जाऊन आणखी पुढे गेला होता.

"ही रेघ फार लांब आहे गं," ती म्हणाली.

"म्हणून बोलत राहा. बोलताना श्वास कोंडत नाही."

"काय बोलू?"

"मला शिव्या दे."

तिने माझ्या त्या खुर्चीच्या टोमण्यापासून सुरुवात केली. आईने माझे केलेले लाड, माझा स्वयंपाक, माझी तोडून बोलायची सवय, सगळं काढलं. शेवटच्या दोरीपाशी सिस्टर उभी होती, तिथे पोचेपर्यंत मावशी माझ्या लग्नापर्यंत आली होती.

भीती काही गेली नाही. पण आता रोज दुकान उघडण्याआधी आम्ही पुलापर्यंत जाऊन येतो. ती गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगते. मधेच गप्प झाली की मी दचकून बघते आणि ती मुद्दाम मोठ्याने श्वास सोडून दाखवते.

परवा फेरी मारून आल्यावर ती जिन्यापाशी थांबली. मला म्हणाली, "तू खालीच थांब." मग बोलतबोलत चढू लागली: वर धूळ किती असेल, पडदे कधी धुतलेस, खिडकी नीट लागते का. वळणावर ती दिसेनाशी झाली आणि तिचा आवाज थांबला.

मी कठडा घट्ट धरला. वरून काहीच ऐकू येईना. पायरीही वाजेना.

"इथे खिळा वर आलाय," मग ती म्हणाली. "इतके दिवस कुणाला दिसला नाही?"

पायऱ्या पुन्हा वाजू लागल्या.

"ऐकलंस का? हातोडी घेऊन ये वर."

हो म्हणायला मला आधी श्वास घ्यावा लागला.