ओव्याचा वास

जर्मनीत एर्लांगेनला असताना शनिवारी सकाळी बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी असे. पिसांची खोटी माशी गळाला लावून एश मासा पकडायला शिकण्याची माझी वेळही तीच. म्हणून चिमुकल्या लेकीला घेऊनच मी विझेंट नदीवर जाई. त्या दिवशी ती कंटाळून रडू लागली, तेव्हा मी ठरवलं, हा नाद सोडायचा.

तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यात मासे धरणाऱ्या एक जर्मन आजी काठावर आल्या. लेकीशेजारी बसून सफरचंद कापता कापता म्हणाल्या, "मुलं लहान असताना मीही गळ माळ्यावर टाकला होता. मुलांनी तसं कधी मागितलं नव्हतं. जा तू, मी बसते हिच्याजवळ."

थोड्या वेळाने माझ्या गळाला पहिला एश लागला. आजींनी आधी लेकीचे हात पाण्यात भिजवले, मग तिला मासा धरायला दिला. "हुंगून बघ," म्हणाल्या. एरवी जर्मनच बोलणारी पोर मराठीत ओरडली, "बाबा, ओवा!" खरंच, त्याला ओव्यासारखा वास येत होता.

मासा लहान होता, सोडून दिला. आजींचं नाव विचारायचं राहिलं, पण आभार मानले. ते किती मानायला हवे होते, हे पुढच्या शनिवारी कळलं. मी उठलो तेव्हा लेक बूट घालून दाराशी उभी होती.