बासष्टपर्यंतचा हिशेब

माझा थोरला मुलगा उद्या सकाळी राजीनामा देणार आहे. वय शेहेचाळीस. आणि बासष्टाव्या वर्षी मरायचं त्याने ठरवून टाकलंय, हे रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. इमारतीच्या अंधाऱ्या उभ्या पोकळीत टॉर्च दातांत धरून उतरायचं, ग्रीसने माखायचं, मध्येच अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, मी आलोय" असं खालून ओरडून सांगायचं. गुडघे कुरकुरतात, पण पैशाच्या बाबतीत पक्का. पहिल्या पगारापासून म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता. बाजार कोसळला तेव्हाही थांबवला नाही. भविष्य निर्वाह निधीला कधी हात लावला नाही. बरोबरचे लोक त्याला 'मुनीमजी' म्हणून चिडवतात.

रविवारी लॅपटॉप घेऊन आला. "आई, हे बघ. आता काम सोडलं तरी चालतंय!"

पडद्यावर निवृत्तीचा हिशेब मांडलेला. महिन्याचा खर्च किती, परतावा किती. महागाई सहा टक्के धरायची की सात, यावर तो अर्धा तास बोलला. मला निम्मं कळलं नाही. मग शेवटच्या रकान्यावर नजर गेली. पैसे कोणत्या वयापर्यंत पुरायला हवेत? त्याने लिहिलं होतं, बासष्ट.

"बासष्ट का रे?"

"आजोबा अठ्ठावन्नला गेले, बाबा एकसष्टला. मी तर एक वर्ष बोनस धरलाय."

"वेडा आहेस का? मी बहात्तरची आहे. माझ्यावर गेलास तर?"

"तुझं नाक आलंय, तेवढं पुरे."

मी हट्टाने पंच्याऐंशी घालायला लावले. पडद्यावरची हिरवी पट्टी लालभडक झाली. पैसे त्रेसष्टाव्या वर्षीच संपत होते. त्याने पुन्हा बासष्ट केलं.

"अरे, लिफ्टला एक दोर पुरत असताना पाच लावतोस ना?"

"लिफ्टमध्ये माणसं असतात, आई."

"आणि यात?"

त्यावर त्याने चहा मागितला.

छातीत काही होतंय आणि लपवतोय का? तपासण्या ठणठणीत आहेत म्हणतो. मग ही घाई कसली? पण हे, म्हणजे थोरल्याचे बाबा, साठाव्या वर्षी निवृत्त झाले, कुठे कुठे फिरायचं त्याच्या याद्या केल्या आणि वर्षभरात गेले. दवाखान्यातून त्यांचे कपडे थोरल्यानेच घरी आणले. त्याला वेळेत थांबायचं असेल, तर मी चूक म्हणू कशी? अजून दहा वर्षं त्या पोकळीत उतर, असं सांगू? की कार्यशाळेतलं बैठं काम माग म्हणू? पंच्याऐंशी हा तरी माझ्याच मनाचा आकडा. आईने मुलाच्या आयुष्याला आकडा लावायचा तरी कसा?

आत्ता हे लिहिताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या सगळ्या रकान्यांत सून कुठेच नव्हती. ती एकोणचाळीसची. मूलबाळ नाही, शिवणकामाची कमाई किराण्यापुरती. तो बासष्टचा होईल तेव्हा ती पंचावन्नची असेल, आणि खातं रिकामं. तिची आजी तर नव्वदीतही कुणाला ऐकत नाही!

निघताना मी विचारलं होतं, "तिला सांगितलंस?"

"राजीनामा देऊन सांगतो. आधी कशाला वाद?"

तेव्हा मी गप्प बसले. आता बोलले तर माझ्यावर उखडेल, चुगली केलीस म्हणेल, महिनाभर इकडे फिरकणार नाही. पावणेएक वाजलाय. एवढ्या रात्री फोन वाजला की दोघंही दचकून उठतील.

उठू देत. सुनेलाच लावते.