डेव्हिडअण्णांच्या रुमालाची गाठ

चार ख्रिस्ती मराठी माणसं चहाला बसली की डेव्हिडअण्णांचा विषय निघतोच, आणि दर वेळी कुणाच्या तरी पोतडीतून एखादा नवा किस्सा बाहेर पडतो. निम्मे खोटे असतील. मी सांगतोय ते मात्र माझ्या डोळ्यांदेखतचे, बंगळूरच्या आमच्या चर्चमधले, साठ सालाच्या आगेमागचे.

मी तरुण संघाचा सेक्रेटरी, अण्णा खजिनदार. संघाचे पैसे त्यांच्या तांबड्या रुमालात, गाठ मारून. बायबलातल्या यरीहो शहराची भिंत लोकांच्या सात फेऱ्यांनी पडली. या गाठीभोवती आम्ही वर्षभर फिरायचो, ती सुटायची नाही.

*

नाताळात आम्ही यशवंतपूरपर्यंत घरोघर गात जायचो. अण्णा मेणबत्ती धरून पुढे. गाणं संपून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली की अण्णा फुंकर मारून ती विझवायचे.

"अण्णा, अंधारात प्रार्थना?" पाळकसाहेबांनी एकदा विचारलंच.

"डोळे मिटलेलेच असतात ना सगळ्यांचे? मग उजेड कुणासाठी जाळायचा?"

त्या वर्षी संघातल्या मुलामुलींची हजेरी मात्र वाढली.

*

अण्णांचा नियम असा, चहा देणाऱ्या घरी सगळी कडवी, नुसता आशीर्वाद देणाऱ्या घरी एकच. चर्च कमिटीचे चेअरमन फिलिपसाहेब यांच्या दारात पहिलं कडवं संपलं तरी दार उघडेना.

"सरी, चला," अण्णा त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले. "येशू जन्मला एवढं कळलं त्यांना. पुढचं चहा देतील तेव्हा."

*

मग नंदी टेकडीवरचा कॅम्प ठरला. संघाचा पहिलाच. आम्ही पोरं दुसरं काही बोलतच नव्हतो. फिलिपसाहेबांनी जाहीर केलं, "हंगामाच्या सणापर्यंत बसभाडं जमलं नाही, तर कॅम्प रद्द. आहेत ते पैसे चर्चच्या चुन्याला." माझं रडायचंच बाकी होतं.

तरी आशेनं मी अण्णांकडे एक गोष्ट मागितली. पोरांना पहाटेच्या प्रार्थनेला उठवायला गजराचं घड्याळ.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'नाही'.

*

हंगामाच्या सणाला लोक परसातलं काहीबाही देवाला आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. रीत अशी की विकत घेणारा ती वस्तू पुन्हा देवाला देतो आणि ती पुन्हा विकली जाते. त्या वर्षी लिलाव अण्णांकडे होता, जमेल ते संघाला. एस्तेरअक्कांचा कोंबडा तीनदा विकला गेला, तीनदा परत आला. तरी बसभाडं भरेना.

चौथ्या खेपेला फिलिपसाहेबांनी बोली लावली. आमची तोंडं उतरली. साहेबांनी घेतलेला कोंबडा थेट पातेल्यात जाणार, परत कसला येतोय.

"आणखी कोणी?" कोंबडा काखेत धरून अण्णांनी विचारलं, आणि स्वतःच बोली वाढवली.

"अण्णा, लिलाव करणाऱ्यानंच मागायचं?" साहेब तडकले.

"देवाच्या घरात मागायला बंदी कुणाला आहे?"

साहेब चढले, अण्णा चढले. बसभाड्याच्या वर गेल्यावर साहेब खाली बसले. अण्णांनी तांबड्या रुमालाला हात लावला नाही. कोटाच्या आतून स्वतःचं पाकीट काढलं आणि सगळे पैसे पाळकसाहेबांच्या हातात ठेवले.

"द्या अण्णा परत," एस्तेरअक्का पुढे झाल्या. "रीतीप्रमाणे पुन्हा विकू."

"हा विकायचा नाही," म्हणत अण्णांनी कोंबडा माझ्या हातात दिला. "कॅम्पला ने. घड्याळ मागत होतास ना?"