बाजूले कोण बसते?

सुतळीमामांकडे माप घ्यायची टेप नव्हती. खिशात सुतळीचा गुंडा असायचा, त्याला जागोजाग गाठी, मापलेल्या गाडीगणिक एक. गाडी शेडसमोर लागली की ते आधी बॉनेट उघडत नसत. खिडकीत वाकून ड्रायव्हरला विचारायचे, "बाजूले कोण बसते?" सायलेन्सर झाळायला आलेला माणूस चक्रावायचा. पण उत्तर मिळाल्याशिवाय मामा पान्याला हात लावत नसत.

माणूस नागपूरकडचा. सरकारी वर्कशॉपात फिटर होते, रिटायर झाल्यावर इकडे आमच्या हिंदी मुलखात, जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकली. गिऱ्हाइकांशी हिंदी बोलायचे, पण मराठी माणूस दिसला की जिभेवर नागपूर यायचं. बोलणं तसं कमीच. काम करता करता मधेच थांबून आभाळाकडे बघत राहायचे, जसं काही माप तिकडेच लिहिलंय.

मी ऑफिसच्या गाड्या चालवून रिटायर झालो. घरची एक जुनी अ‍ॅम्बॅसेडर आहे. एका वर्षी तिचे दोन्ही वायपर बंद पडले. आतले सांधे वयानं झिजले होते आणि तसे आता मिळत नाहीत. पावसाळा चालू, आणि माझ्या बायकोला, कुसुमला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. तेवढंच तिचं बाहेर पडणं. कोणीतरी सांगितलं, सुतळीमामा दोनाच्या जागी एकच लांब वायपर बसवून देतात. गेलो.

मामांनी विचारलं, बाजूले कोण बसते? मी म्हणालो, "कोणी नाही. बायको."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. "कोणी नाही का बायको? एक काय ते सांगा."

मला राग आला. बोलायची पद्धत असते, सगळेच तसं म्हणतात. मी ते तोंडावर सांगितलंही. मामा म्हणाले, वैनींना घेऊन या, मग बघू. आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलातून येताना तिला घेऊन गेलो. पाऊस उघडला होता. कुसुम उंचीनं बेताची, त्यात दुखण्यानं वाळलेली. सीटवर बसली की डॅशबोर्डच्या वर फक्त डोळे यायचे. मामांनी काचेखाली मधोमध सुतळीचं टोक अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि काचेवर कमान काढली. "वैनी, याच्यातून काय दिसते?"

कुसुम म्हणाली, समोरच्या चिंचेचा शेंडा दिसत नाही. मामांनी अंगठा दोन बोटं डावीकडे सरकवला, पुन्हा कमान काढली. आता शेंडा दिसतो, ती म्हणाली, पण पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या नाहीत. अजून एक बोट. असं किती वेळ चाललं कोण जाणे. काचेवर पिवळं ऊन, खडूच्या कमानीवर कमानी, आणि आत कुसुम एकेक गोष्ट मोजून सांगत होती. एवढी वर्षं ती माझ्या बाजूला बसली. ती इतकं सगळं बघते, हे मला ठाऊक नव्हतं.

मामांनी ट्रकच्या वायपरची दांडी कापली, झाळली आणि मोटरला जोडली. जुनी दोन भोकं पितळी चकत्यांनी बुजवली. नवं भोक मधोमध नाही, तीन बोटं डावीकडे. वायपर फिरला की कुसुमची बाजू लख्ख, माझ्या बाजूचा वरचा कोपरा ओलाच. मी भांडलो. गाडी मी चालवतो आणि मान मीच वाकवायची?

मामा हात पुसत म्हणाले, "तुमाले रस्ता पाठ हाय. त्या अजून पाहून रायल्या."

त्या पावसाळ्यात कुसुम रस्ताभर बोलायची. बिट्टन मार्केटला ताडपत्रीखाली बकरी उभी आहे. तलावाचं पलीकडचं टोक गेलं बघा धुक्यात. वायपर एकदा तिच्याकडे जायचा, एकदा माझ्याकडे यायचा. मी नुसतं हूं म्हणायचो.

हिवाळ्यात ती गेली.

पुढच्या पावसाळ्यात मामांकडे गेलो. म्हटलं, भोक उजवीकडे घ्या, मान दुखते. मामाही थकले होते. सुतळी काढून सवयीनं विचारलं, "बाजूले कोण बसते?"

"कोणी नाही," मी म्हणालो. या वेळी पुढे शब्द नव्हता.

 मामांनी सुतळी खिशात टाकली, पलीकडून दार उघडलं आणि कुसुमच्या जागी बसले. चला म्हणाले. पाऊस बारीक पडत होता. तलावाकडून एक हळू चक्कर मारली. मामा समोर बघत सांगत राहिले, बगळे बसले आहेत, नाव पालथी घातली आहे, एक माणूस भिजत भुट्टा खातो आहे. मी हूं म्हणालो नाही. कुठे, म्हणून विचारलं, आणि मान वाकवून पाहिलं. भोकाचा विषय दोघांनीही काढला नाही.

यंदा मामाही गेले. शेडला कुलूप आहे. त्यांच्या मुलीनं सुतळीचा गुंडा मला दिला. त्यातली माझ्या गाडीची गाठ कुठली, ते काही कळत नाही.

परवा पावसात बिट्टन मार्केटला भाजी घेतली. पिशवी आत ठेवायला भाजीवालीनं डावीकडचं दार उघडलं आणि विचारलं, "इधर कोई बैठेगा क्या, बाबूजी?"

वायपर चालू होता. डावीकडची काच लख्ख होती.

मी म्हणालो, "पीछे रख दो."