पाणी थांबेपर्यंत

नेकनूरचा माझा सोबती आणि मी एकाच अणुभट्टीवर वापरातलं इंधन तपासतो. कांड्या खोल पाण्यात ठेवून कॅमेऱ्यानं ओरखडे, फुगवटे बघायचे. पाणी हललं की हा हात मागे बांधून उभा. "थांब बे, पाणी निजू दे."

एकदा मला घाई होती. दिसलेली रेघ मी पाण्याची सावली ठरवली. त्यानं कांडी परत कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. चीर होती, कांडी तशीच परत भट्टीत गेली असती. साहेबांना तो म्हणाला, "आधी दोघांनाबी दिसली न्हाई." मी गप्प राहिलो.

परवा सुट्टीत त्याच्याकडे गेलतो. विहिरीत बादली पडली होती. गळ टाकण्याआधी तो पाणी निवळायची वाट बघत वाकला. मी म्हणालो, "ती रेघ मला दिसली होती."

पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "म्हाईत हाय बे. तू कवा बोलतूस, तेच बघत थांबलो होतो."