सुदर्शनाचे गड्डे

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा कचेरीतले एक कारकून आमच्या शेजारी राहायला आले. अंगणभर त्यांनी लिली लावली. फूल नसताना नुसत्या पातीवरून ते सांगायचे, ही गुलाबी, ही फुटबॉल लिली, हे सुदर्शन. पुढं दुष्काळ पडला. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, तेव्हा त्यांनी सगळे गड्डे उपटून सामाईक ओट्यावर सुकत घातले. "गड्डा जित्ता राहतो. पाणी मिळालं की फुटतो," म्हणायचे.

आमचे कांदेही तिथंच होते. एका दुपारी ते पेपर मागायला आले आणि बायकोच्या विळीपुढच्या चकत्या पाहून चपलेसकट आत धावले. एक चकती हुंगून म्हणाले, "वहिनी, कुणी खाल्लं तर न्हाई ना? हे सुदर्शन हाय, विषारी असतंय."

कुणी खाल्लं नव्हतं. बायको रडायलाच लागली. कंधारहून हौसेनं आणलेले त्यांचे सुदर्शनाचे दोन्ही गड्डे चिरले गेले होते, पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही.

"रडू नका," ते चकत्या गोळा करत म्हणाले. "चूक माझीच हाय. इतकी नावं पाठ केली, पण शेजाऱ्यांना एकसुद्धा शिकवलं न्हाई."