दहा वाजेपर्यंतचं दुखणं

लग्नानंतर काही वर्षांनी माझ्या बोटांनी संप पुकारला, तोही फक्त सकाळचा. झोपेतून उठले की दोन्ही हातांची बोटं सुजलेली आणि ताठ, स्वतःची वेणीसुद्धा घालता यायची नाही. दहाच्या सुमारास एकेक सांधा मोकळा व्हायचा आणि दुपारी मी चार बायांचं काम उरकायची. आमचं घर विणकरांचं, तांडापेठेतलं. माझे हे मागावर बसायच्या आधी मी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून ठेवायच्या, आणि ते काम नेमकं पहाटेचं. आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मोठ्या नणंदबाई तर नाहीच. त्या विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे दुखण्याच्या बाबतीत अख्ख्या मोहल्ल्यात त्यांचाच शब्द शेवटचा. "माहे गुडघे चाललं की दुखतात, बसलं की थांबतात," त्या म्हणायच्या. "दुखनं कष्टानं येते. रातभर झोपून कोनाचं दुखते वं? कामाच्या वक्ताले दुखते आन् जेवाच्या वक्ताले बरं होते." यावर मी भांडी आपटायची. तीही दहानंतरच आपटता यायची.

शेजारणी मात्र दयाळू. वात आहे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. एकीने माझं दही बंद केलं, दुसरीने बटाटा, तिसरीने तुरीची डाळ आणि चौथीने ऐन हंगामात संत्री. पथ्यं पाळून मी वाळले, बोटं होती तशीच सुजलेली राहिली.

एका संध्याकाळी यांनी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी माझी बोटं अगदी शहाण्यासारखी वागली. डॉक्टरांनी चोळायला तेल दिलं. घरी येताच नणंदबाईंनी भावाला निकाल सुनावला, "डॉक्टरलेबी काई दिसलं नाई. इले उमरेडले धाडून दे गा, मायच्या घरी." हे खाली मान घालून मागाचा धोटा पुसत बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. उमरेडला माझी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिथे परत गेले असते तर जन्मभर कामचोर म्हणून नाव झालं असतं.

शेवटी मीच म्हटलं, "मले उठल्याबरोबर डॉक्टरकडे न्या." नणंदबाई लगेच तयार. चोर रंगेहात पकडायला कोणाला आवडत नाही?

उजाडता उजाडता आमची सायकलरिक्षा रामदासपेठेत त्याच डॉक्टरांच्या घरासमोर थांबली. ते दात घासत बाहेर आले, रागावायच्या बेतात होते, पण माझे हात पाहून त्यांनी चूळ भरली. "मूठ वळा." मूठ वळली ती लाडू धरण्याएवढीच. त्यांनी दोन्ही हातांचे सांधे जोडीजोडीने दाबले, मी कळवळले. बोटं मोकळी कधी होतात, असं त्यांनी विचारलं.

"दहाले," उत्तर नणंदबाईंनी दिलं. "तेच सांगून रायली मी. माहे गुडघे चालून दुखतात, इची बोटं झोपून. समदं उलटं. म्हनून खोटं."

"उलटं आहे म्हणूनच खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचे गुडघे झिजलेत. हिच्या सांध्यांना आतून सूज आहे. विसावा मिळाला की हे सांधे आखडतात."

मग त्यांनी सांगितलं ते असं: ॲस्पिरीन भरल्या पोटीच घ्यायची, सकाळी हात कोमट पाण्यात ठेवून बोटं हळूहळू हलवायची, जड काम दुपारी. खाणं सगळं चालेल, संत्रीसुद्धा. रोग मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण आवरता येईल. जन्माचा सोबती मिळाल्याचं ऐकून मी रिक्षात रडले, आणि खरं सांगते, आनंदाने रडले. नणंदबाई दुसरीकडे बघत होत्या.

घरी यांनी भीत भीत विचारलं, "मंग, उमरेडची गाडी पाहू का?"

"काहून?" नणंदबाई म्हणाल्या. "तिथं सकाळी इची वेनी कोन घालन?" आणि मला पुढ्यात ओढून त्यांनी फणी हातात घेतली.